अंजूच्या चित्राचा मी लावलेला अर्थ

लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या कडेला बिंदगी मांडलेली दिसली की मी गाडी थांबवते. बिंदगं म्हणजे आंबील शेतात न्यायचं मातीचं भांडं. लोक ते बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकत असतात, बाया हरभऱ्याच्या भाजीच्या जुड्या पिशवीत कोंबत असतात, आणि मी गाडी बंद न करता तशीच उभी राहते. मग मागून हॉर्न वाजतो. "ओ ताई, घ्यायचं नसंल तर सरका की!" मी सरकते. मला घ्यायचं नसतंच.

मार्गशीर्षातली अमावस्या जवळ आलेली असते. कॅलेंडरवर तिचं नाव वेळा अमावस्या, इथल्या तोंडात येळवस. त्या दिवशी लातूर शहर संचारबंदी लागल्यासारखं ओस पडतं. शटर खाली, रिक्षा गायब, चहाच्या टपरीवर भांडी पालथी. सगळं शहर कुणाच्या ना कुणाच्या शेतात गेलेलं असतं. शेतात कडब्याची कोपी, म्हणजे छोटी खोप, उभारायची, तिच्यात पांडव म्हणून दगड मांडायचे, पूजा करायची आणि मग पोट फुटेस्तोवर जेवायचं. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो, ज्याला कुणीच बोलावलं नाही त्याला रस्त्यावरून हाका मारून बसवतात. मी लातूरला बालहक्कांच्या एका संघटनेत कामाला आले त्या पहिल्या वर्षी आमच्या ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंनी मलाही बोलावलं होतं. मी म्हणाले, "मला सणबिण नको, काम पडलंय." त्या म्हणाल्या, "काम कुठं पळून जातंय? भज्जी मात्र संपून जाईल." भज्जी म्हणजे त्या दिवशीची, डाळी, ओले दाणे आणि पालेभाज्यांची मिसळ भाजी. मी गेले नाही. रिकाम्या इमारतीत बसून दिवसभर एक पत्रक लिहिलं आणि बिस्किटाचा पुडा संपवला. स्वतःबद्दल फार चांगलं वाटलं होतं तेव्हा.

मी नांदेडची, शहरात वाढलेली, बौद्ध घरातली. वडील सरकारी कचेरीत कारकून, आजोबा आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेले. स्वतःच्या नावाचा सातबारा आमच्या घरात कुणी पाहिलेला नाही. त्यामुळं शेतवाल्यांच्या सणाबद्दल माझ्या मनात अढी होती, आणि ती सगळीच चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही. पण अढी असली की माणूस विचारायचं सोडून देतो. कोपीत नेमकं काय मांडतात, कुठं मांडतात, का मांडतात, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. तीन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात माझं हे न विचारणं एका लेकराला भोवलं.

तिला इथं मी अंजू म्हणते. खरं नाव वेगळं आहे. तेव्हा ती आठ वर्षांची होती.

अंजूची आई शोभा मुखेड तालुक्यातली, मजुरी करणारी. नवरा सोडून गेलेला. पुढं तिला क्षयानं गाठलं. दवाखान्यात महिनोन्‌महिने पडून राहायची वेळ आली तेव्हा तिनं लेकीला सरकारी देखरेखीखाली दिलं. अंजू आधी लातूरच्या बालगृहात होती, मग अहमदपूर तालुक्यातल्या एका शेतकरी जोडप्याकडं गेली. प्रतिपालक कुटुंब म्हणतात कागदावर. अंजू त्यांना काका-काकू म्हणायची. दोन वर्षं ती तिथं राहिली. तेवढ्यात शोभा बरी झाली, पुन्हा कामाला लागली, आणि एका दुपारी तीन गाड्या बदलून आमच्या ऑफिसात येऊन बसली. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. मी पाणी दिलं तर म्हणाली, "पानी नको. माझं लेकरू मला पायजे. बास."

मी तिच्यावर विश्वास ठेवला. तो विश्वास बरोबर होता. ज्या मुलांची आई जिवंत आहे आणि सांभाळायला तयार आहे, ती मुलं कागदांच्या थप्पीखाली वर्षानुवर्षं दुसरीकडं वाढतात, याची चीड मला तेव्हा होती आणि आजही आहे. गरीब बाईनं आई म्हणून पास व्हायला किती परीक्षा द्यायच्या? घर पक्कं आहे का, संडास आहे का, उत्पन्न किती? बंगल्यातल्या बाईला कुणी विचारतं का हे? ही वाक्यं मी शेकडो वेळा छापली आहेत, आणि पुन्हा छापीन.

बालकल्याण समितीनं मात्र सांगितलं होतं, घाई नको. महिन्यातून दोनदा भेट, संक्रांतीला आठ दिवस, मग शाळेचं वर्ष संपलं की कायमचं घरी. आज वाटतं, त्यात शहाणपण होतं. तेव्हा मला ती टोलवाटोलवी वाटली. मी भर बैठकीत म्हणाले, "आईला लेकरू काय हप्त्याहप्त्यानं देणार आहात?" ते वाक्य मला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी मी ते मथळ्यात घातलं.

पत्रक लिहिण्याची एक तालीम असते. आधी मथळा, मग राग, मग मागणी. रस्त्यात उभ्या माणसाच्या हातात कागद पडला की तो चार पावलं चालेपर्यंत पेटला पाहिजे. त्या कागदात 'कदाचित' हा शब्द बसत नाही. मी त्या तालमीत वयाच्या अठराव्या वर्षापासून घाम गाळलेला. माझ्या हातून 'कदाचित' कधीच सुटला होता, लिहिण्यातूनही आणि डोक्यातूनही.

काकूंच्या घरी मी तोवर एकदाच गेले होते, अर्धा तास. अंजू डोक्यावर हंडा घेऊन आली, ते मी टिपलं. आम्हाला चहा आला, आणि कपबश्या अंजूनं उचलून नेल्या, तेही टिपलं. वहीत लिहिलं, 'राबवतात.' माझ्या आईच्या घरी पाहुण्यांच्या कपबश्या कोण उचलायचं? मीच. ते काही मी वहीत लिहिलं नाही.

मग ते चित्र आलं.

मुलांना तोंडानं सांगता येत नाही ते रंगांनी सांगतात, असं एक शिबिर आम्ही लातूरला एका हॉलमध्ये घेतलं होतं. बालगृहातली, प्रतिपालकांकडची, नुकतीच घरी परतलेली अशी बरीच मुलं आली होती. फरशीवर कागद पसरले, खडू वाटले. मोठ्या शहरातून आलेल्या ताईंनी सांगितलं, "घर म्हणजे एक झाड समजा. मुळं म्हणजे जन्म दिलेले आईबाबा, फांद्या म्हणजे आत्ता सांभाळणारे. आणि तुम्ही म्हणजे पाखरू. काढा बरं." मुलांनी झाडं काढली. आज्ञाधारक झाडं. अंजूनं झाड काढलं नाही. ती कागदावर पालथी पडून, जीभ दातांत धरून, तासभर काहीतरी करत होती. शेजारचा पोरगा म्हणाला, "ए, झाड काढायचंय, येडी." ती म्हणाली, "तू काढ की मग. दोन काढ, माझंबी."

अर्धा कागद तिनं काळा केला होता. खडू दाबून दाबून, कागद फाटेल इतका. त्या काळ्यावर मधोमध एक कोपी, पिवळ्या उभ्या रेघांची. कोपीच्या आत पाच पांढरे गोळे एकमेकांना चिकटून. आणि बाहेर, लांब, काळ्यात एकटाच, सहावा पांढरा गोळा. माणूस एकही नाही.

आमच्याजवळ अर्थांचा एक कागद होता. शिबिरात प्रत्येकाला दिलेला. काळा रंग, दुःख आणि भीती. चित्रात माणसं नसणं, तुटलेपणा. मुख्य आकारापासून लांब काढलेली वस्तू, नाकारलं गेल्याची भावना. मी तो कागद चित्राशेजारी ठेवला आणि एकेक ओळ जुळवत गेले. लेकरानं सांगितलंय सगळं! पाच जण घरात, ही बाहेर. आणखी काय पुरावा पाहिजे?

अंजू तीन हातांच्या अंतरावर बसून बोटांना लागलेला काळा रंग फ्रॉकला पुसत होती. मी तिला काहीही विचारलं नाही. का नाही विचारलं, याचं खरं उत्तर मला आज माहीत आहे. अर्थ इतका सोयीचा होता की तो मोडायची मला भीती वाटली.

चित्र मी समितीपुढं ठेवलं. तावातावानं बोलले. समोर चित्र, बाहेर बाकावर शोभा, तिच्या हातात आमचं पत्रक. पत्रकात ते चित्र छापलेलं आणि खाली माझी ओळ: 'अहमदपूर तालुक्यातल्या एका घरात हिला घराबाहेरच्या दगडासारखं ठेवलं!' नाव दिलं नव्हतं. कायद्यात बसत नाही ना. तालुका दिला होता. त्या तालुक्यात दुसऱ्याची मुलगी सांभाळणारं घर एकच होतं, हे काही अवघड गणित नव्हतं.

भेटीगाठी सुरू व्हायच्या आधीच ठरलेली घडी मोडली आणि आठवड्याभरात अंजूला आईकडं पाठवायचं ठरलं. तो आठवडा येळवसीचा होता.

मी तिला आणायला गेले ती सकाळ मला सगळी आठवते. थंडी अशी की शब्दाबरोबर वाफ निघत होती. दोन्ही बाजूला ज्वारी पोटऱ्यात आलेली, करडईच्या काट्यांवर दव, आणि हरभऱ्याच्या रानातून तो आंबट वास. पानांवरच्या त्या आंबट दवाला आंब म्हणतात. बोट लावून जिभेवर ठेवलं तर दात आंबतात. काकूंच्या अंगणात बिंदगं धुऊन पालथं घातलं होतं आणि चुलीजवळ भिजवलेल्या डाळींची पातेली रांगेनं. काकूंनी अंजूची वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. मी घड्याळाकडं पाहिलं. काका म्हणाले, "म्याडम, परवा येळवस हाय. तेवढी होऊ द्या की. म्या सोता आणून सोडतो मुखेडला." मी म्हणाले, "आदेश आजचा आहे." आदेशात 'या आठवड्यात' असं लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं.

अंजू रडली नाही. अहमदपूरच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत आम्ही उभ्या होतो. तिनं एकच गोष्ट विचारली. "ताई, आंबील कोन शिंपनार मंग?" येळवसीला आंबील शेतभर शिंपडतात, पिकाच्या मुळाशी, ओरडत ओरडत. त्या घरात ते काम दोन वर्षं तिच्याकडं होतं. मी काय उत्तर दिलं? मी म्हणाले, "तुझी आई तुझी वाट बघतेय." लेकरानं प्रश्न विचारला आणि मी तिच्या हातात पत्रकातलं वाक्य ठेवलं.

मुखेडला शोभा स्टँडवरच उभी होती. तिनं अंजूला जवळ घेतलं नाही एकदम. आधी हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं. "दात पडले की गं तुझे. नवे आले." दोन्ही दात आपल्या माघारी पडले आणि आपल्या माघारी आले, हे ती बोटानं चाचपून पाहत होती. मग बसली खाली, तिथंच, पानाच्या पिचकाऱ्यांशेजारी, आणि लेकीच्या पोटात डोकं घातलं. त्या क्षणाबद्दल मला काडीचा पस्तावा नाही. तो क्षण खरा होता. तिथवर यायला मी जो रस्ता केला, तो खोटा होता.

पंधरा दिवसांनी काकू ऑफिसात आल्या. एकट्या. कमरेच्या पिशवीतून आमचं पत्रक काढलं, चार घड्यांचं. त्यांनी ते माझ्या टेबलावर हातानं सपाट केलं.

"ह्ये तुमी लिव्हलं का?"

"हो."

"म्या कुणाला भाईर ठिवलं?"

मी तयारीचं काहीतरी बोलायला लागले, मुलांच्या मनाबद्दल. त्यांनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या. ह्यो दगड बगून लिव्हलं न्हवं? ह्यो. भाईरचा. आमच्या घरची रीत हाय ती, सासूच्याबी सासूपास्नं. पाच आत, एक भाईर. आपुन समदे जेवून घरी येतो, त्यो एकलाच ऱ्हातो शेतात राखन करत. म्हनून पयलं आंबील त्याला. आतल्यांचं मागून. कळलं का?"

मी म्हणाले, "पण तिनं सगळं काळं..."

"मंग? माती काळीच असती की वो! हिरवी असती का? तुमी कुठल्या?"

"नांदेडची."

"आन् नांदेडला माती न्हाई का, माय?"

दारात उभी असलेली टायपिस्ट बाई फसकन हसली, मग तोंडावर पदर घेतला. मलाही क्षणभर हसू आलं, आणि त्या हसण्यातच कळलं की आपण काय केलंय. काळ्या मातीच्या मुलखात बसून, एका कागदावर विसंबून, मी मातीला दुःख म्हटलं होतं. काकूंनी आणखी सांगितलं. गावात बाया पाणवठ्यावर त्यांना पाहून बोलायच्या थांबतात. शेजारच्या गल्लीतल्या एका जोडप्यानंही लेकरू सांभाळायला घ्यायचा अर्ज भरला होता, तो त्यांनी मागं घेतला. "आमालाबी आता नको कुनाचं लेकरू," त्या म्हणाल्या. "जीव लावायचा आन् नाव खराब." उठताना त्यांनी विचारलं, "अंजीचा पत्ता देता का? तिचा सेटर राह्यलाय माझ्याकडं." मी म्हणाले, "नियमात बसत नाही. बघते मी."

बघते मी! मी काही बघितलं नाही.

कारण तोवर ते चित्र गाजलं होतं. फ्लेक्सवर चढलं होतं, फ्रेम होऊन आमच्या ऑफिसच्या भिंतीवर आलं होतं. पाहुणे आले की आमच्या संघटनेचे प्रमुख, सर, त्यांना त्या फ्रेमपुढं उभं करायचे आणि म्हणायचे, "सांग गं." मी सांगायची. पाच आत, एक बाहेर. पहिल्या वेळी मी अडखळले. दहाव्या वेळी नाही. हेच मला स्वतःबद्दल सगळ्यात घाण वाटतं. खोटं बोलताना त्रास होतो असं लोक म्हणतात. मला तो फक्त काही दिवस झाला. पुढं तो त्रास वर्षातून एकदा व्हायचा, बाजारात बिंदगी आली की.

यंदा बिंदगी यायच्या आधी फोन आला. शोभाच्या नंबरवरून, पण बोलत होती अंजू. अकरा वर्षांची, आवाज दबका. "ताई, येळवसीला काकूकडं जायचंय. माय जाऊ देऊन न्हाई राहिली. तुमी सांगा ना. तुमचंच ऐकती ती." मी म्हटलं, "का नाही जाऊ देत?" ती म्हणाली, "तुमचा कागद हाय ना तिच्याजवळ."

दुसऱ्या दिवशी मुखेडच्या गाडीत बसले. तीन तास खिडकीला डोकं टेकवून मी वाक्यं जुळवत होते आणि सगळी वाक्यं पत्रकाची निघत होती. बाहेर तुरी पिवळ्या पडलेल्या, कुठं कुठं कडब्याचे भारे बांधावर नेऊन टाकलेले. कोप्यांची तयारी.

शोभाचं घर एका खोलीचं, सारवलेलं, स्वच्छ. ती दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. अंजू उंबऱ्यावर, गुडघ्यात तोंड. मी विषय काढताच शोभा उठली आणि पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं पत्रक घेऊन आली. "ह्ये तूच लिव्हलंस ना बाई? माझ्या लेकराला दगडावानी ठिवलं म्हून? आन् तूच सांगायलीस की धाड म्हून?"

मी सांगितलं. सरळ सांगितलं, कारण दुसरं काही जमेना. मला कोपी माहीत नव्हती. मी विचारलं नाही. पंधरा दिवसांत मला खरं कळलं होतं, तरी मी तीन वर्षं गप्प बसले.

मग मी अंजूकडं वळले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिला विचारलं, "तो बाहेरचा दगड तू का काढला होतास?"

ती म्हणाली, "त्याला चुना म्या लावलता. आतले काकांनी रंगवले. त्यो माझा होता." आणि खांदे उडवले. इतकंच होतं ते. आमच्या अर्थांच्या कागदावर हे कुठंच नव्हतं, की लेकरानं एखादी गोष्ट नीट केली की त्याला ती दाखवावीशी वाटते.

शोभा शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे तीन वर्सं त्या बाईला म्या शिव्या देऊन राहिले."

"हो."

"तुझ्यामुळं."

"हो."

"आन् ही तिचं नाव काढायची तवा म्या हिला हानायची. एकदा तर..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. अंजूनं गुडघ्यातून तोंड वर काढलं नाही. मला वाटलं होतं शोभा मला घराबाहेर काढेल. काढलं असतं तर बरं झालं असतं. तिनं पत्रक पुन्हा पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली आणि हळू म्हणाली, "तुला एक सांगू का बाई? ह्यो कागद होता तवर मला भेव न्हवतं. ती बाई वाईट हाय, मंग पोरगी तिकडं कशाला जाती? आता तू म्हनतीस ती चांगली हाय. दोन वर्सं तिनं दुधातुपात ठिवलं. माझ्याकडं काय हाय? पोरगी तिकडं गेली आन् म्हनली, म्या न्हाई येत, तर?"

अंजू पटकन म्हणाली, "असं कोन म्हनलं? येड्यावानी बोलती माय."

"तू गप."

मोहीम, हक्क, कायदा, पुनर्मीलन, असं सगळं बोलणारी मी. मी सुपातली एक शेंग उचलून सोलायला लागले. एका आईला तिचं लेकरू परत मिळवून देताना मी तिच्या हातात दुसऱ्या बाईबद्दलचं खोटं दिलं होतं, आणि ती तीन वर्षं त्या खोट्याच्या आधारानं झोपत होती. आता तेही मीच काढून घेत होते. शेवटच्या शेंगा सोलून शोभानं सूप बाजूला सारलं. "जाऊ दे. पन एकली न्हाई धाडायची. म्या येते संगं. आन् तूबी ये. जे मला सांगितलंस ते तिथं सांग. समद्यांपुढं."

अशी मी आयुष्यात पहिल्यांदा येळवसीला गेले. काळ्या रानात, कमरेएवढ्या ज्वारीतून, शोभाच्या मागं मी आणि आमच्या दोघींच्या कितीतरी पुढं अंजू. कोपी दिसली तशी ती पळत सुटली. शोभाची पावलं तिथंच थांबली. काकू कोपीशी वाकल्या होत्या. त्यांनी अंजूला उचलायचा प्रयत्न केला, उचललं गेलं नाही. "अगं बया, केवढी झालीस!" मग त्यांनी मागं उभ्या बाईकडं पाहिलं. पदर सावरला.

"तुमी शोभाबाई न्हवं?"

"व्हय."

"अंजी थंडीत खोकायची. अजून खोकती का?"

"न्हाई. आता न्हाई खोकत."

"निजताना अंगठा चोखायची."

शोभाचा चेहरा कसनुसा झाला. "माझ्यापाशी हुती तवा न्हवती चोखत."

काकूंनी घोंगडं अंथरलं. "मंग तुमच्यापास्नं तुटली तवाच लागला असंल," त्या म्हणाल्या. "बसा की. उभ्या का?" त्यापुढं बराच वेळ त्या दोघी अंजूबद्दलच बोलत होत्या. एकीला पहिली सहा वर्षं माहीत, दुसरीला मधली दोन. कांजिण्या कुणाकडं आल्या, कान कुणी टोचले, वांगं कधीपासून खात नाही. काही ठिकाणी दोघींचं जुळेना, मग अंजूला हाक मारून विचारायच्या, आणि ती रानाच्या दुसऱ्या टोकाहून, आंबिलाचं बिंदगं कडेवर घेऊन, ओरडून सांगायची, "वांगं म्या पयल्यापास्नंच न्हाई खात!"

पंगत बसायच्या आधी मी उभी राहिले. वीसेक माणसं असतील, गावातली, पाहुणे, रस्त्यावरून बोलावलेला एक ट्रकवाला. मोठ्या सभांत बोललेली मी. त्या वीस माणसांपुढं मला मथळा सुचेना. जे लिहिलं ते खोटं होतं, एवढं बोलून मी खाली बसले. एक म्हातारा म्हणाला, "बरं." भज्जी आली, उंडे म्हणजे बाजरीचे उकडलेले गोळे आले, गव्हाची खीर आली. मी जेवले. सगळ्यांनी आग्रह केला, काकूंनी केला नाही.

निघायच्या वेळी शोभा काकूंना म्हणाली, "उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिस ठिवा तिला. मंग म्या न्यायला येते." 'न्यायला येते' हे तिनं दोनदा म्हटलं. काकू म्हणाल्या, "या की. तुमीबी ऱ्हावा दोन दिस." मग माझ्याकडं वळल्या. इतका वेळ त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं नव्हतं.

"हितं बोललात, बरं केलं. पन ते छापून आल्तं. गावोगाव गेलं. मंग ह्येबी छापूनच आलं पायजे."

"काय छापू?"

"लिव्हा की पोरगी आमच्या घरात आमच्यातच जेवायची, माझ्याच गोधडीत निजायची. बास."

शोभा म्हणाली, "आन् हेबी लिव्ह. तिची माय येळवसीला आल्ती म्हून."

ऑफिसात सरांना विचारलं. ते म्हणाले, असं छापलं तर मोहिमेची विश्वासार्हता जाईल, विरोधकांना कोलीत मिळेल. तूच ना, म्हणाले, शिकवतेस सगळ्यांना, पत्रकात माघार घ्यायची नसते? मीच शिकवते. म्हणून हे पत्रकात नाही, इथं लिहिलं आहे. अंजू काकूंच्या घरात, त्यांच्यातच जेवायची, काकूंच्या गोधडीत निजायची. यंदा येळवसीला तिची आई तिच्यासोबत त्या घरी गेली होती. याउलट मी जे छापलं ते खोटं होतं आणि ते मला पंधरा दिवसांतच कळलं होतं.

फ्रेम मी भिंतीवरून काढली. मागचे खिळे उचकटले, काच बाजूला केली, चित्र गुंडाळून अंजूला नेऊन दिलं. संपादकांनी या लेखासोबत छापायला ते मागितलं होतं. मी तिला विचारलं. ती नाही म्हणाली.